दोन जेवणांच्या मधली माणसं

अव्वांच्या घरात भाड्यानं राहायला गेलो, त्याच्या तिसऱ्याच दिवशी माझा तवा नाहीसा झाला. दुपारची जेवणं आटोपून मी तो चुलीमागं टेकवून ठेवला होता. आडावरून पाणी घेऊन आले तर जागा रिकामी. नवं गाव, नवा शेजार, संसार म्हणजे एवढीशी भांडी, आणि त्यातला तवाच गेलेला. मी पदर खोचून अंगणात आले ती भांडायच्याच तयारीनं.

अंगणात गल्लीतल्या चार-पाच बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या आणि भिंतीला टेकून एक माणूस झोपला होता. म्हणजे आधी मला तो माणूसच वाटला. पाट्यावर बसलेला, पोट पुढं आलेलं, मान खांद्यावर कललेली, मांडीवर सूप. मग दिसलं की पोट म्हणजे पाण्याचा माठ, मान म्हणजे पळी, डोकं म्हणजे पालथा तांब्या आणि त्या तांब्यावर पागोट्यासारखा तिरपा बसवलेला माझा तवा. नाक नाही, डोळे नाहीत. तरी मला, तीन दिवसांच्या नवखीला, एका नजरेत कळलं की हे पेठेतले दुकानवाले शेटजी. आदल्याच दिवशी मी मीठ आणायला गेले होते आणि ते गल्ल्यामागं अस्सेच झोपलेले होते.

"माझा तवा," मी म्हणाले.

शेटजींच्या शेजारी आमच्या घरमालकीणबाई उकिडव्या बसल्या होत्या. उंच, हडकुळ्या, कपाळभर विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"दिवेलागणीच्या आत देते, मास्तरीणबाई," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "आत्ता झोपल्यात ते. उठवू नगा."

मला इतकं हसू आलं की मी तिथंच पायरीवर बसले. भांडण राहिलं ते राहिलंच. संध्याकाळी तवा परत आला तो लख्ख घासलेला, माझ्या हातून कधी घासला गेला नाही असा.

तर या अव्वा. अणदुरात त्यांना सगळे अव्वाच म्हणत. घरातलं त्यांचं बोलणं कानडी, गल्लीतलं मराठी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. अंगणाभोवती चार खोल्या, त्यातली एक त्यांची आणि एक आमची. आमचे मास्तर तिथल्या सरकारी शाळेत होते. निजामाचं राज्य, त्यामुळं वर पाठवायचा प्रत्येक कागद उर्दूत. मास्तर संध्याकाळभर त्या कागदांत मान घालून बसत आणि मी अव्वांच्या अंगणात.

अव्वांचं काम चालायचं ते दोन जेवणांच्या मध्ये. दुपारची भांडी घासून झाली की त्या गल्लीत फिरायच्या आणि कुणाकडून परात, कुणाकडून मुसळ, कुणाकडून चाळण मागून आणायच्या. खिळा मारायचा नाही, दोरी बांधायची नाही, चिखल लावायचा नाही. नुसतं एकावर एक ठेवायचं आणि तोल सांभाळायचा. तासाभरात माणूस उभा राही, नाहीतर म्हैस, नाहीतर पाण्याला निघालेली बाई. गल्ली येऊन बघे, ओळखे, हसे. आणि सूर्य कलला की अव्वा आधी डोकं उतरवत, मग हात, मग पोट, आणि ज्याचं त्याला भांडं परत. संध्याकाळच्या स्वयंपाकाला कुणाची चूल अव्वांमुळं अडली असं कधीच झालं नाही.

"राहू द्या की एखादं दोन दिवस," मी एकदा म्हणाले. शेळीला पाला घालणारी म्हातारी केली होती त्यांनी, सूप आणि दोन उलथन्यांची, आणि ती मोडायची म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं.

"भांडं चुलीचं हाय. म्या दुपारपुरतं मागून आणते," त्या म्हणाल्या. "आपला खंडोबा सुदिक सालभर एका जागी बसत न्हाय. उठतो, नळदुर्गाला जातो, परत येतो. मग पातेल्यानं का म्हून बसावं?"

अणदूरचा देव खरोखरच वर्षातले काही महिने नळदुर्गाला जाऊन राहतो.

परवा नातीनं मला एका प्रदर्शनाला नेलं. मोठं दालन, पांढऱ्या भिंती, आणि मधोमध डबे, कढया, झारे एकात एक अडकवून केलेली एक उंच आकृती. लोक हात मागं बांधून गंभीरपणे बघत होते. नात कानात म्हणाली, आजी, हे आधुनिक शिल्प आहे, घरातल्या वस्तूंपासून करतात. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, पण यांच्याकडे आज स्वयंपाक कशात करणार?" शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. मला मात्र त्या दालनात आनंदानं नाचावंसं वाटत होतं. अव्वांचं एकही काम उरलेलं नाही, कुणी फोटो काढला नाही, आणि इथं कुणीतरी अव्वांना न पाहताच त्यांच्या वाटेनं निघालं होतं.

चेहरा मात्र अव्वांनी कधी केला नाही. कोळशानं दोन डोळे काढा म्हटलं तर चिडायच्या. "तोंडाला लबाडी येते. पाठीला न्हाय येत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यामुळं एखाद्याचं माणूस करायचं तर त्या चार दिवस आधीपासून भलते प्रश्न विचारत फिरायच्या. तो बसताना कुठला गुडघा आधी वाकवतो? वाईट बातमी ऐकली की हात कुठं जातो? एक दिवस मला म्हणाल्या, "मास्तर भुकेजले की कंच्या पायावर उभे ऱ्हातेत?"

लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मला ते ठाऊक नव्हतं. मी त्या दिवसापासून मास्तरांकडे बघायला लागले. इतकं बघायला लागले की ते बिचारे सदऱ्याची बटणं तपासायचे. आणि खरंच, भूक लागली की ते डाव्या पायावर उभे राहत, उजवा चपलेतून काढून डाव्या पोटरीवर घासत आणि मान पुढं काढून चुलीकडे बघत. मी धावत जाऊन अव्वांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर अंगणात उभे होते. दोन लाटण्यांचे पाय, एक दुसऱ्याला तिरपं टेकलेलं, खाली मास्तरांच्याच जुन्या चपला, मिटलेल्या छत्रीचं धड आणि पुढं काढलेली पळीची मान. खरे मास्तर शाळेतून आले, थबकले, बराच वेळ निरखत राहिले.

"हा कोण?" ते म्हणाले. "पाहिल्यासारखा वाटतो. अगदीच बावळट उभा आहे." आणि बोलता बोलता त्यांनी उजवा पाय चपलेतून काढला आणि डाव्या पोटरीवर घासला. गल्लीतल्या बायका हसू दाबत घराकडे पळाल्या. मास्तरांना कळलं ते माझ्या हसण्यावरून. दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच अव्वांना विचारायला गेले की छत्री त्यांनी उभी कशी ठेवली.

आमच्या सासूबाईंचं आणि अव्वांचं मात्र पहिल्या आठवड्यातच बिनसलं. मला सहावा महिना लागला तेव्हा त्या आल्या. मला आई नाही. मी रांगत असतानाच ती गेली, मामांनी वाढवलं, आणि मामींनी लग्नानंतर पुन्हा काही बोलावलं नाही. म्हणून माझ्या बाळंतपणाला सासूबाईच सोलापूरकडच्या आमच्या गावाहून आल्या. बाई करड्या, सोवळ्याओवळ्याच्या पक्क्या, पण मनानं वाईट नव्हेत. एका दुपारी अव्वा म्हैस करत होत्या आणि त्यांना एक कान कमी पडत होता. मी उत्साहाच्या भरात आत गेले, हाताला लागलं ते पितळी ताट उचललं आणि नेऊन दिलं. ते सासूबाईंचं पूजेचं ताम्हण होतं.

सासूबाई झोपून उठल्या, बाहेर आल्या आणि बघतात तर त्यांचं सोवळ्यातलं ताम्हण म्हशीच्या डोक्यावर कलतं लटकतंय. त्याला टेकून मुसलमान पिंजाऱ्यांच्या घरची परात आणि कुणाकडची तरी सांडगे तळायची कढई.

"हे कोणी दिलं?" सासूबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात अव्वा म्हणाल्या, "म्याच घेतलं. कान बगा की कसा ऐकायला लागलाय."

सासूबाईंनी ताम्हण चिंचेनं, राखेनं, पुन्हा चिंचेनं घासलं आणि अव्वांशी अबोला धरला. मी खरं सांगितलं नाही. भित्री होते मी, आजही लाज वाटते. अबोला चांगला दोन महिने टिकला. अव्वांना त्याचं काही नव्हतं. त्या उलट सासूबाईंच्या पाठीकडे बघत बसायच्या आणि मला म्हणायच्या, "बाईचा कणा बगा कसा ताठ हाय. उभं मुसळ. लई आवडला मला."

आणि मग भाद्रपद आला. त्या साली पलीकडचे इंग्रज गेले होते, इकडे निजामाचं राज्य तसंच होतं, आणि सोलापूरच्या रस्त्यावर आता सरहद्द झाली होती. नाक्यावर कधी सोडत, कधी सोडत नसत. सासूबाई परत जाऊ शकत नव्हत्या. आणि त्यांच्या महालक्ष्म्या होत्या गावाकडच्या पेटीत, दोन पितळी मुखवटे. चाळीस वर्षं त्यांनी दर भाद्रपदात त्या उभ्या केल्या होत्या, सासूकडून घेतल्या तेव्हापासून एक वर्ष चुकलं नव्हतं. धाकटे दीर मुखवटे घेऊन येणार होते. आदल्या दिवशी निरोप आला की नाक्यावरून त्यांना मागं फिरवलं.

सासूबाईंनी जेवणाचं पान बाजूला सारलं. मास्तर म्हणाले, कागदावर चेहरे काढू, मी काढतो. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. पाठीचा कणा, जो अव्वांना एवढा आवडायचा, तो वाकलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"माझ्या हातून मोडलं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं आल्या, आणि या वर्षी दार बंद."

मला ते बघवेना. सकाळ होताच मी पोट सांभाळत अव्वांकडे गेले आणि म्हणाले, दोन महालक्ष्म्या करून द्या.

"ब्याड," अव्वा म्हणाल्या. कानडीत नाही म्हणाल्या की त्या नाहीवरून हलत नसत. "देवाचं म्या करत न्हाय. माझा देव गळ्यात हाय, त्याला उभं करावं लागत न्हाय आन उतरावं बी लागत न्हाय. आन तीन दिस? तीन दिस लोक स्वयपाक कशात करतेल?"

"मग देव नका करू. दोन बायका करा. बहिणी. माहेरपणाला आलेल्या." मला काय बोलतेय ते कळत नव्हतं, मी रडत होते. "महालक्ष्म्या म्हणजे तेच ना, अव्वा. तीन दिवस माहेरी येतात, जेवतात, जातात."

अव्वांचे डोळे बदलले. म्हैस करताना, शेटजी करताना बदलायचे तसे. पुढं सरकून त्यांनी विचारलं, "म्हायेराला आलेली पोरगी दारात कशी उभी ऱ्हाते?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले. "मी कधी गेलेच नाही."

अव्वांनी उठून दाराकडे बोट केलं. "उभी ऱ्हा तिथं."

मी उंबऱ्यात उभी राहिले. आठवा महिना, पाय सुजलेले, एक हात आपोआप कमरेमागं गेला. अव्वा माझ्याभोवती दोनदा फिरल्या. "साक," म्हणाल्या, म्हणजे पुरे, आणि तरातरा गल्लीत निघाल्या.

ती दुपार मी जन्मात विसरणार नाही. अव्वा दारोदार गेल्या, तीन दिवसांसाठी भांडी मागत, आणि गल्लीतली एकही बाई नाही म्हणाली नाही. ज्यांच्याकडे मागितलं नाही त्याच रुसल्या. एक तवा मागं ठेवला गेला आणि तीन दिवस सगळ्या गल्लीच्या भाकरी त्याच्यावर एका चुलीवर झाल्या. भांडी आमच्या दारात येऊन पडली तेव्हा सासूबाई उठल्या. चिंच भिजवली आणि एकेक भांडं घासायला बसल्या. कुठलं भांडं कुणाच्या घरचं हे त्यांनी विचारलं नाही. सगळ्यात मोठी, गोल, तांब्याची घागर पिंजाऱ्यांच्या अम्मांकडची होती. मला ठाऊक होतं. मला वाटतं त्यांनाही ठाऊक होतं, कारण तिलाच त्या सगळ्यात जास्त वेळ घासत बसल्या.

अव्वा घाबरल्या होत्या. त्यांच्या हातचं काही रात्रभर उभं राहिलेलंच नव्हतं. थोरली सोपी गेली. पत्र्याचा डबा, त्यावर पायली, त्यावर कळशी, सरळ आणि ताठ, हुबेहूब सासूबाई. धाकटीनं घाम काढला. खाली उखळ, आणि त्यावर ती घागर अव्वांना मधोमध नको होती, पुढं झुकलेली हवी होती. तीनदा ती कलंडली, तीनदा बायकांनी झेलली. शेवटी अव्वांनी घागरीच्या आत मागच्या अंगाला वरवंटा ठेवला, भोवती ज्वारी ठासून भरली, आणि हात काढून घेतले. घागर राहिली. मग वर तांब्या, कमरेमागं जाणारा उलथन्याचा हात, आणि माझं हिरवं लुगडं, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला.

तीन दिवस ते उभं राहिलं, हे आत्ताच सांगून टाकते. दाणासुद्धा सांडला नाही. पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या दुपारचं.

सासूबाई आतून नेसून आल्या आणि धाकटीपुढं थांबल्या. वरपासून खाली बघितलं. खालपासून वर बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या अव्वांशी बोलल्या.

"ही कितव्यात आहे हो?"

"आठव्यात," अव्वा म्हणाल्या. "म्हून तर आली म्हायेराला."

सासूबाई वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी बाहेरच्या दाराशी होते. दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढायचं काम माझ्याकडे होतं आणि ती नुकतीच संपली होती. रीत अशी की मुखवटे हातात घेऊन त्या पावलांवरून यायचं आणि वाटेत बायकांनी विचारायचं, कोण आली, कशाच्या पावलांनी आली. मुखवटेच नाहीत, तर पावलांवरून आणायचं काय, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

सासूबाई पावलांच्या कडेकडेनं चालत दारापर्यंत आल्या. त्यांनी माझा हात धरला.

"दारात काय उभी राहिलीस?" त्या म्हणाल्या. "ये आत."

आणि मला पहिल्या पावलावर उभं केलं. मी एक पाऊल टाकलं. मागून कुणीतरी विचारलं, कोण आली? सासूबाईंनी मोठ्यानं सांगितलं, महालक्ष्मी आली. कशाच्या पावलांनी? सोन्याच्या पावलांनी. दाराबाहेर पिंजाऱ्यांच्या अम्मा उभ्या होत्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या आपल्या दर वेळी म्हणत होत्या, "आ गई, बेटी आ गई."

आत नेऊन सासूबाईंनी मला त्या दोघींच्या मधे उभं केलं. थोरलीला हळदकुंकू वाहिलं, धाकटीला वाहिलं, आणि मग माझी हनुवटी धरून माझं तोंड वर केलं आणि मला लावलं. "मुखवट्याची काळजी होती मला," त्या म्हणाल्या.

मी हुंदके देऊन रडायला लागले. एकोणीस वर्षांची होते मी आणि त्या दुपारी पहिल्यांदा माहेरी आले होते. सासूबाईंनी मला जवळ ओढलं, बायका पुढं सरकल्या, आणि सगळ्यांच्या मागून अव्वा जिवाच्या आकांतानं ओरडत होत्या, "रडा, लई रडा, पण घागरीला कुणी धक्का लावू नगा."